यांच्यात बायको कोण?



यंदा मे महिन्यात धुळ्याला आपल्या मुलींच्या गटाचे तीन दिवसांचे शिबिर झाले. शिबिराचा अहवाल या अंकात आहेच. मला सांगायचे आहे ते अहवालात न आलेले.

दुसऱ्या दिवशीची दुपार. जेवणे आटोपली होती, वरचे पत्रे तापून तडतडत होते आणि पंखा गरम हवाच फिरवत होता. अशा वेळी चर्चा घेण्यात अर्थ नसतो, म्हणून 'अलीकडे वाचलेले आणि आवडलेले' असा साधा खेळ ठेवला होता. कुणी बहिणाबाईंची गाणी आणली होती, कुणी जुना दिवाळी अंक, एकीने तर स्पर्धा परीक्षेचे पुस्तकच पुढे केले आणि सगळ्या हसल्या. एका मुलीने काहीच आणले नव्हते. बराच वेळ ती चुळबुळत राहिली, मग तिने आपला मोबाईल शेजारणीच्या हातात दिला. पाहता पाहता सगळ्यांची डोकी त्या मोबाईलवर जमली. मीही डोकावले. रंगीत चित्रकथा होती. दोन तरुण मुलगे, एक उंच, एक बुटका, पावसात एका छत्रीखाली. पुढच्या चित्रात उंच मुलाने बुटक्याची हनुवटी बोटाने वर उचललेली.

ज्यांच्या घरी शिबिर होते त्यांच्या सासूबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. एवढी काय गर्दी म्हणून त्याही उठून आल्या. चष्मा नीट करून त्यांनी चित्र पाहिले आणि अगदी सहज विचारले, "यास्मा बायको कोन शे वं?"

पंधरा-सोळा मुलींनी एकाच वेळी बुटक्या मुलावर बोट ठेवले. "हा!"

आजींचे समाधान झाले, त्या शेंगांकडे परतल्या. माझे मात्र झाले नाही. मी मुलींना म्हटले, गोष्ट तुमच्यापैकी एकीनेच वाचली आहे, बाकीच्यांना कसे कळले? त्यावर उत्तरांचा नुसता पाऊस पडला. तो बुटका आहे. त्याचे डोळे मोठे आहेत. तो लाजलाय. त्याच्याकडे छत्री नाही, दुसऱ्याने धरली आहे. तोच रडणार. स्वयंपाक तोच करणार. संशय घेऊन रुसणार तोच. आधी 'नको' म्हणणार तोच आणि मग ऐकणारही तोच. मी खडूने फळ्यावर लिहीत गेले. स्त्री-पुरुष भूमिकांवरची सत्रे मी किती वर्षे घेते आहे, पण 'बायको म्हणजे काय' याची इतकी भराभर, एकमताने आणि चुकीला वाव न ठेवता केलेली यादी फळ्यावर कधी उमटली नव्हती. आणि त्या चित्रात बाई तर एकही नव्हती.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. याला 'बॉईज लव्ह' किंवा नुसते 'बीएल' म्हणतात. उगम जपानचा. गोष्ट दोन मुलग्यांच्या किंवा दोन पुरुषांच्या प्रेमाची, पण लिहिणाऱ्या-काढणाऱ्या बहुतांशी बायका आणि वाचणाऱ्याही बहुतांशी बायका आणि मुली. आता कोरिया, चीन, थायलंड इथूनही अशा कथा आणि मालिका येतात आणि मोबाईलमुळे त्या साक्री-शिरपूरलाही पोचतात. यातल्या जोड्यांना जपानीत ठरलेली नावे आहेत. 'सेमे' म्हणजे चढाई करणारा आणि 'उके' म्हणजे झेलणारा. शब्द मूळचे तिकडच्या लढाईच्या खेळांतले. कथा उघडायच्या आधी वाचकाला मुखपृष्ठावरूनच कळते कोण सेमे आणि कोण उके. रुंद खांदे, बारीक डोळे, कमी बोलणे एकाकडे. निमुळती हनुवटी, पाणावलेले डोळे, चटकन लाल होणारे गाल दुसऱ्याकडे. अशा कथांत बाई आलीच तर बहुधा कटकट म्हणून येते. कुणाची तरी चिकटणारी मैत्रीण, नाहीतर लग्नाचा धोशा लावणारी आई.

सत्र संपल्यावर ती मोबाईलवाली मुलगी माझ्यामागे आली. तिला वाटले मी रागावले. मी विचारले, तुला यात आवडते काय? ती म्हणाली, "ताई, यात माझं काही होत नाही."

हे वाक्य मला चांगलेच लागले. मग ती उलगडून बोलली. बाकी कुठलीही प्रेमकथा वाचली की तिच्यातल्या मुलीचे काहीतरी होते. तिला कुणीतरी पाहते, घरी कळते, मारतात, लग्न लावून देतात, दिवस जातात, बदनामी होते. हिला त्या मुलीच्या जागी स्वतः दिसते आणि पुढचे पान उलटायचा धीर होत नाही. इथे मुलगीच नाही. त्यामुळे भीतीही नाही. दोघांचे प्रेम ती काठावर बसून निवांत बघू शकते.

खानदेशातल्या मुलीला असे का वाटावे हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. १९९४ साली जळगावचे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा गुन्हेगार राहिले बाजूला आणि जळगावची मुलगी म्हटले की स्थळे मागे फिरू लागली होती. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यावर आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्यावरही सारखाच शिक्का. त्या काळी कॉलेजात असलेल्या मुली आज या मुलींच्या आया आहेत. 'फोटो' या शब्दाचा धसका त्या घरांतून अजून गेलेला नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. म्हणजे जन्मायच्या आधीपासूनच इथे मुलीचे काहीतरी 'होते'. जिच्यात मुलगीच नाही अशा प्रेमकथेचा विसावा तिला वाटला तर नवल काय?

जपानमध्येही हेच झाले होते. १९७० च्या आसपासपर्यंत तिकडे मुलींसाठीची कॉमिकसुद्धा बहुतेक पुरुषच काढत. मग ताकेमिया केइको, हागिओ मोतो अशा विशीतल्या बायका या धंद्यात आल्या. हागिओंची 'थॉमसचे हृदय' ही कथा १९७४ ची, ताकेमियांची 'वारा आणि झाडांचे गीत' १९७६ पासूनची. दोन्ही युरोपातल्या मुलांच्या वसतिगृहात घडतात. घरापासून दूर, देशापासून दूर आणि मुख्य म्हणजे मुलीच्या शरीरापासून दूर. प्रेम, वासना, मत्सर, जबरदस्ती यांबद्दल मुलींना मोकळेपणी विचार करता यावा म्हणून ही जागा शोधली गेली, असे अभ्यासक मांडतात. उएनो चिझुको या तिकडच्या नामवंत स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ. त्यांना या सुंदर मुलग्यांत मुलींचे स्वतःचेच मनातले रूप दिसले. मला हे पटते. मुलीचा वेश उतरवून जरा मोकळे हिंडून यावे अशी ती युक्ती होती.

पण वेश उतरवला तरी भूमिका सुटली नाही. मुलीला गोष्टीतून बाहेर काढले आणि तिची जागा तशीच राहिली. त्या जागेवर एक नाजूक मुलगा आणून बसवला. लाजायचे त्यानेच, वाट पाहायची त्यानेच, 'नको' म्हणायचे आणि ते 'नको' खरे नव्हते हे शेवटी कबूलही त्यानेच करायचे. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण ती चित्रातच थांबत नाही. या कथांत, विशेषतः जुन्या कथांत, जबरदस्ती हा प्रेमाचा पहिला अंक असतो. उंच मुलगा मनगट धरून भिंतीशी नेतो, बुटका धडपडतो, रडतो, आणि दोन प्रकरणांनंतर त्यालाच कळते की त्याचेही प्रेम होते. आमच्या गटातल्या एका मुलीचे लग्न ठरले आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे.) होणारा नवरा भेटायला येतो, गाडीवर बसवून बाहेर नेतो आणि तिला नको असताना अंगचट करतो. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणाली, "तो तसाच आहे, गोष्टीतल्या सेमेसारखा. नंतर चांगला होतो." मी त्या दोन मुलग्यांची कथा मागून घेऊन रात्री वाचली. नंतर तो खरेच चांगला होतो. प्रत्यक्षात नंतर काय होते ते आपल्या केंद्राच्या नोंदवहीत आहे.

इथे आमच्या बैठकीत वाद झाला, तो तुमच्यापासून लपवत नाही. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, हुंडा, दारू, पोटगी, पंचायती एवढे समोर असताना आपण जपानच्या कॉमिकवर संपादकीय लिहिणार? दुसरी म्हणाली, मुलींच्या आयांना सांगायला हवे. पहिलीला माझे उत्तर असे की ही यादी जपानची नाही. धुळ्याच्या आजींनी जपान पाहिलेले नाही, त्यांचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरातून आला होता. दुसरीला उत्तर दिले ते सोपे होते. आयांना सांगितले की मोबाईल जातो, आणि मोबाईलबरोबर कॉलेजही जाते. गेल्या वर्षी एका मुलीचे असेच झाले. जी गोष्ट वाचून मुलगी निदान बोलू लागली ती हिसकावून आपण कुणाचे काम करणार?

आणि दुसऱ्याच्या अंगावर आपल्या मनातली बाई चढवायचा हा उद्योग आपल्या ओळखीचाच आहे. जळगावच्या ज्या खुल्या नाट्यगृहात आपले मेळावे झाले आहेत, ते बालगंधर्वांच्या नावाचे आहे. नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी जळगावात होते आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच घेतले. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि सारा महाराष्ट्र त्यांच्या भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांच्या प्रेमात पडला. त्यांच्या गाण्याबद्दल मी काही बोलणार नाही, माझी ती पात्रता नाही आणि आदरात कमीही नाही. पण एक गोष्ट बघा. रंगमंचावर दोन पुरुष. एक नायक, एक नायिका. समोर पुरुष बसलेले आणि बायकाही. आणि घरी जाऊन चांगल्या घरच्या बायका त्या पुरुषासारखे पातळ नेसायचा, त्याच्यासारखा अंबाडा घालायचा, त्याच्यासारखे लाजायचा प्रयत्न करत. बाई कशी असावी हे बायकांनी एका पुरुषाकडे पाहून शिकावे अशी ती व्यवस्था होती. ज्या बायका खरोखर रंगमंचावर उभ्या राहत त्या तमाशातल्या, म्हणून बाजारच्या. 'कुलीन' बाई रंगमंचावर यायला १९३० चे दशक उजाडावे लागले. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'चे नाव त्यासाठी घेतात.

त्या नायिकांतली सिंधू मला सर्वांत छळते. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले १९१९ साली. दारुड्या नवऱ्यासाठी दळणे दळणारी, मरतानाही पोलिसांसमोर नवऱ्यावर आळ येऊ न देणारी सिंधू. लिहिली पुरुषाने, उभी केली पुरुषाने, आणि डोळे पुसले बायकांनी. आज आपल्या केंद्रात कपाळाला टाके घेऊन आलेली बाई "ओट्यावरून पडले" म्हणते तेव्हा मला ती सिंधू ऐकू येते. पुरुषांनी आपल्या मनातली बाई घडवली आणि बायकांच्या अंगावर चढवली. आता बायकांच्या हाती पेन्सिल आली आहे आणि आपण काय करतो आहोत? तीच बाई काढून एका मुलग्याच्या अंगावर चढवतो आहोत.

त्या मुलग्याला काय वाटते हे आपण विचारत नाही. जपानमध्ये हे विचारले गेले आणि तेही आपल्यासारख्याच एका छोट्या पत्रिकेत. 'श्वाझीर' नावाचे स्त्रीवाद्यांचे एक घरगुती नियतकालिक होते. १९९२ साली सातो मासाकी या समलिंगी पुरुष कार्यकर्त्याने त्यात एक झोंबणारा लेख लिहिला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की तुम्ही बायका आम्हाला बघून सुख घेता, जसे पुरुष बायकांची चित्रे बघून घेतात. आमच्यातले देखणे तेवढे उचलता; कुरूप, म्हातारे, साधे तुम्हाला दिसत नाहीत. या वादाला उत्तरे-प्रत्युत्तरे अनेक वर्षे चालली. काही बायका चिडल्या, काहींनी आपलेच मन तपासले. अशी पत्रे छापणाऱ्या त्या पत्रिकेचा मला हेवा वाटतो.

आपल्याकडे असा लेख अजून आलेला नाही. पण आपल्या एका वाचक मुलाने, तो भुसावळकडचा आहे आणि केळीच्या ट्रकांवर माल चढवण्याचे काम करतो, मला एकदा विचारले होते, "ताई, त्या गोष्टींत माझ्यासारखा कुणीच का नसतो?" दांडगा, काळासावळा, मिशी असलेला मुलगा. त्याचे पुरुषांवर प्रेम आहे हे त्याच्या घरी कुणाला खरे वाटणार नाही, कारण तो 'तसा' दिसत नाही. आणि त्याचा जो मित्र आहे तो जरा नाजूक, त्याला मात्र शाळेपासून नाच्या म्हणून चिडवतात. जत्रेत तमाशा बघितलेल्या खानदेशी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग'वर २०१० साली चित्रपट आला. त्यातला गुणा मूळचा पैलवानी अंगाचा माणूस; कलेसाठी नाच्या होतो आणि गाव त्याला बाईच समजू लागते, म्हणजे जे बाईचे करतात तेच त्याचे करते. बायकी म्हटला की तो हलका. शिवी त्या पुरुषाला दिली जाते, पण तिच्यात किंमत काढली जाते ती बाईची. म्हणून हा प्रश्न त्या मुलांचा आहे तितकाच आपला आहे.

आता माझे स्वतःचे सांगते. दुसऱ्यांच्या चित्रांवर इतके लिहिल्यावर हे टाळणे बरे नाही.

२०१९ साल होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, त्याला काही महिने उलटले होते. आपल्या जळगावच्या केंद्रात दोघी आल्या. एकीचे केस बारीक कापलेले, अंगात शर्ट. दुसरी साडीत, हातात बांगड्या. दोघी एकत्र राहत होत्या आणि साडीवालीच्या भावांनी धमक्या द्यायला सुरुवात केली होती. मी निकालाचे पेढे वाटलेली बाई. मी त्यांना पाणी दिले, धीर दिला आणि अर्ज भरायला घेतला. आमच्या छापील अर्जावर दोन रकाने होते, पती आणि पत्नी. मी काहीही न विचारता बारीक केसांच्या मुलीचे नाव 'पती' खाली लिहिले. वर हसून विचारले, "म्हणजे घरातला पुरुष तूच ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. साडीवाली म्हणाली, "ताई, नोकरी मी करते, गाडी मी चालवते, पैसे मी आणते. ही स्वयंपाक करते आणि ही रात्री एकटी झोपायला घाबरते. आता सांगा कुणाचं नाव कुठं लिहायचं?" मला तेव्हा ते चेष्टेसारखे वाटले. मी म्हटले, असू दे, अर्जापुरते आहे. दुसऱ्या तारखेला त्या आल्या नाहीत. दिलेला नंबर लागला नाही. त्या कुठे आहेत मला माहीत नाही.

धुळ्याच्या आजींनी जे विचारले तेच मी, तीस वर्षे चळवळीत काढलेल्या बाईने, विचारले होते. आजींचे निदान कुतूहल होते. माझ्या प्रश्नात केंद्राचा शिक्का होता. आमच्या अर्जावर आता 'अर्जदार' आणि 'सोबत राहणारी व्यक्ती' असे रकाने आहेत. ते बदलायला आम्हाला आणखी एक वर्ष लागले, कारण जुने अर्ज पाचशे छापून ठेवले होते.

तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली आले, रोहिणी हट्टंगडींनी त्यात सुमित्राचे काम केले. मराठी रंगमंचावर बाईवर प्रेम करणारी बाई इतक्या उघडपणे आणण्याचे धाडस मोठेच होते. पण तिथेही मित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाचे काम करते आणि त्यातच तिला आपले प्रेम उमगते. बाईवर प्रेम करायचे तर आधी थोडे पुरुष व्हावे लागते, असा धडा प्रेक्षक घेऊन जातो, लेखकाला तो अभिप्रेत असो वा नसो. आणि शेवटी तिला मरावे लागते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या तरुणाच्या प्रेमात पडतात. दोघांचे दुःख सारख्याच वजनाचे आहे आणि त्या तरुणाशी असलेल्या नात्यात भावाला कुणाची बायको व्हावे लागत नाही. पाव शतकात मराठी इतकी पुढे आली, हे मी मुलींना आवर्जून सांगितले.

जपानी कॉमिकही एकाच साच्यातले नाही, हेही सांगायला हवे. शिबिराहून परतल्यावर एका मैत्रिणीच्या मुलाने मला दोन पुस्तके इंग्रजीत मिळवून दिली. योशिनागा फुमि या बाई मुळात बीएल काढणाऱ्या. त्यांची 'काल काय जेवलात?' ही मालिका २००७ पासून चालू झाली. त्यात एक वकील आणि एक केस कापणारा, दोघे चाळिशीचे, एकत्र राहतात. वकील काटकसरी आहे, स्वस्त भाजी कुठे मिळते ते बघत फिरतो आणि रोजचा स्वयंपाक तोच करतो. केस कापणारा जास्त हळवा, पण जगाला आपले नाते सांगायला तो घाबरत नाही, घाबरतो तो वकील. फळ्यावरची आमची यादी या दोघांना लावून पाहिली तर लागत नाही.

दुसरे 'माझ्या भावाचा नवरा', तागामे गेंगोरोह यांचे, २०१४ ते २०१७ मधले. हे समलिंगी पुरुषाने लिहिलेले आहे, बीएल नव्हे. एका विधुरासारख्या एकट्या राहणाऱ्या बापाच्या घरी त्याच्या वारलेल्या भावाचा कॅनेडियन नवरा येतो. दाढीवाला, अगडबंब माणूस. घरातली लहान मुलगी त्याला तोच प्रश्न विचारते जो आजींनी विचारला, जो मी विचारला. तुमच्यात बायको कोण होती? तो सांगतो, बायको कुणीच नव्हती, मी त्याचा नवरा आणि तो माझा नवरा. मुलीला ते लगेच पटते. बापाला पटायला तीन-चार खंड लागतात. मला त्या बापाचे फार पटले. तोही घरी राहून मुलीचे डबे करतो आणि बाहेर ते सांगायला त्याला कमीपणा वाटतो.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेकडे सोपवले. थायलंडमध्ये, जिथून मुलींच्या त्या मालिका येतात, असा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे तो यावा असे मला वाटते. पण आला तर अर्जावर रकाने कोणते छापणार हेही आतापासूनच बोलायला हवे. नाहीतर लग्न दोघींचे आणि रकाने तेच, असे व्हायचे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी मुलींना कोरे कागद दिले. म्हटले, ती छत्रीची गोष्ट पुढे तुम्ही काढा, अट एकच, फळ्यावरची यादी वापरायची नाही. खूप भांडणे झाली. दोघांची उंची सारखी काढायची की नाही यावरच अर्धा तास गेला. पावसात छत्री कुणी धरायची? एकीने दोन छत्र्या काढल्या, तर दुसरी म्हणाली, मग गोष्ट कशाला? शेवटी छत्री वाऱ्याने उडवून लावली.

आणि ती मोबाईलवाली मुलगी काही केल्या चित्र काढेना. म्हणाली, "ताई, मला तो रडणाराच आवडतो. तुम्ही त्याला बायको म्हणून टाकलंत. पण तो मुलगाच आहे ना? मुलगा असून रडतो, मुलगा असून घाबरतो. आमच्या घरात पाच पुरुष आहेत, एकालाही मी कधी रडताना पाहिलं नाही. आजोबा गेले तेव्हाही नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी फळ्याकडे पाहिले. यादी तीच होती, पण तिने ती दुसऱ्या बाजूने वाचली होती. आम्ही तिच्यात बाईला खाली बसवलेले पाहत होतो आणि तिला पुरुषाला मिळालेली सवलत दिसत होती. दोन्ही खरे असू शकते का, यावर परतीच्या बसमध्ये अमळनेरपर्यंत आमचे बोलणे चालले होते, पुढे सगळ्यांना झोप लागली.

मुलींनी काढलेली चार पाने या अंकात छापली आहेत. बॉलपेनने काढलेली आहेत, तेव्हा छपाईत थोडी पुसट आली असतील. तिसऱ्या पानावर दोघांच्या खोलीवर एकाची आई येते आणि तिच्यासाठी चहा करायचा आहे, त्या चौकटीत मुलींचे एकमत झाले नाही, म्हणून ती कोरी आहे. भरून पाठवा. मुलग्यांनीही पाठवावी. आणि त्या दोघींपर्यंत हा अंक पोचला तर त्यांना सांगायचे आहे की अर्ज बदलला आहे आणि केंद्र त्याच जागी आहे.